वासाशिवाय मका भाजण्याची रीत

बंबकाकांनी चौतीस वर्षं आगी विझवल्या. लावली एकही नाही. ते काम त्यांनी नातेवाइकांवर सोडून दिलं होतं. अग्निशमन दलातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना बंबकाकाच म्हणत, आणि कुणाकडे दूध करपलं तर घरची बाई आधी खिडकी लावून घेई, मग गॅस बंद करी. त्यामुळे सुनेनं एका सकाळी बाळाला भरवता भरवता सांगितलं, की या रविवारी मागच्या अंगणात शेगडी पेटवू, निखाऱ्यांवर काहीबाही भाजू, आणि सगळं बाबाच करतील, तेव्हा बंबकाकांनी चहाचा कप बशीत ठेवला.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं, बाबा. पेटवण्यापासून वाढण्यापर्यंत."

एवढं बोलून तिनं बाळाच्या हनुवटीवरचा केळ्याचा ओघळ चमच्यानं पुसून परत तोंडात घातला. बाळ नऊ महिन्यांचं होतं आणि केळ्याबद्दल त्याचं मत बनलेलं नव्हतं.

बंबकाकांनी फ्रिजकडे बघितलं. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली पाळणाघराचा फॉर्म लावलेला होता. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई पाळणाघर चालवायच्या. फॉर्म पूर्ण भरलेला होता: बाळाचं वजन, टोचलेल्या लशी, आवडता आवाज. फक्त सही नव्हती. सुनेची रजा रविवारी संपत होती. सोमवारी सकाळी साडेसातला ती कारखान्याच्या फाटकात असणार होती, आणि त्या वेळी बाळ पाळणाघरात असेल की बंबकाकांच्या खांद्यावर, हे अजून ठरायचं होतं. मुलगा म्हणे, बाबा घरात असताना पाळणाघर कशाला. सून म्हणे, रविवारी बघू. आता त्या रविवारी शेगडी आली. दोन आणि दोन किती, हे बंबकाकांना कळायला वेळ लागला नाही.

परीक्षेला ते भीत नव्हते. धुरानं भरलेल्या जिन्यावरून त्यांनी एकदा एक शिलाई मशीन आणि तिची मालकीण अशी दोघं उतरवली होती, कारण मालकीण मशीन सोडायला तयार नव्हती. अडचण वेगळी होती. बंबकाकांना वास येत नव्हता.

दीड वर्षापूर्वी त्यांना जोराचा ताप आणि सर्दी झाली. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. पहिले काही दिवस त्यांनी वाट बघितली. मग एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल किंवा येणार नाही. बंबकाकांनी वाफ घेतली, कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही आलं नाही. हे त्यांनी एकाच माणसाला सांगितलं, त्यांच्या बंबाच्या जुन्या ड्रायव्हरला, आणि त्यालाही नाइलाजानं. एकदा त्याच्या घरी गेले असताना त्यांनी त्याच्या बायकोनं केलेल्या कालवणाची तारीफ केली, आणि ते तळाला लागून काळं झालेलं होतं.

घरात मात्र या बिघाडानं त्यांची पत उलट वाढली होती. बाळाचा डायपर भरला की मुलगा लेकीला हात लांब करून धरी, जशी काही गळकी बॅटरी. बंबकाका तिला तशीच छातीशी घेऊन अर्धा अर्धा तास पॅसेजमध्ये फिरत, सोळा पावलं तिकडे, सोळा पावलं इकडे. आल्यागेल्या बायका म्हणत, बघा, माया असावी तर अशी. कुणी बाळाच्या टाळूचा वास घेऊन डोळे मिटले आणि म्हटलं की आहाहा, काकांनी घेतलाय का हा वास, तर काकाही वाकून नाक लावत आणि म्हणत, वा.

या सगळ्यात धोक्याची गोष्ट एकच होती. सून साबणाच्या कारखान्यात वास तपासायच्या खात्यात होती. पट्ट्यावरून येणाऱ्या वड्या ती दर तासाला उचले, नाकाशी धरी आणि 'चालेल' किंवा 'परत' म्हणे. तिनं 'परत' म्हटलं की बाराशे वड्या पुन्हा कढईत जात. ती फार बोलत नसे. अशा बाईच्या घरात दीड वर्ष नाकाशिवाय राहणं म्हणजे चोरानं ठाणेदाराच्या घरात भाड्यानं राहण्यातला प्रकार होता.

बंबकाका त्याच दुपारी ड्रायव्हरकडे गेले आणि पाच दिवस जात राहिले. ड्रायव्हरच्या घरामागे दोन विटांवर जाळी टाकून त्यांनी सराव सुरू केला. पहिल्या दिवशी बटाटे. ते बाहेरून कोळसा झाले आणि आतून कच्चे राहिले. बंबकाकांनी ते कापून बघितले आणि वहीत लिहिलं: आच जास्त, घाई जास्त. वही त्यांना नोकरीपासूनची सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू रिकामी ठेवली, म्हणजे एका जाळीवर दोन मोसम झाले. आधी कडक बाजूला रंग घ्यायचा, मग मवाळ बाजूला सरकवून झाकण टाकायचं. बटाटा शिजला. ड्रायव्हरची बायको म्हणाली, भावजी, आता तरी घरी जाल ना.

वास नाही म्हटल्यावर बाकीच्या गोष्टी कामाला लावाव्या लागल्या. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरून ते मोजत. तीनला हात मागे आला तर आच कडक, सहाला आला तर मध्यम, दहापर्यंत टिकला तर आणखी कोळसा. कानही उपयोगी पडला. अंगात पाणी आहे तोवर भाजणाऱ्या वस्तूचा आवाज ओला असतो. पाणी संपत आलं की तो कोरडा होतो, आणि कोरड्या आवाजानंतर दोन मिनिटांत राख. जळलेल्या इमारतींत त्यांनी हेच ऐकलं होतं. तिथे मका नसे, एवढाच फरक.

तरी ड्रायव्हरला भरवसा नव्हता. त्याचं म्हणणं, सून वासावरच बोट ठेवणार. त्यानं तोड काढली. रविवारी तो पाहुणा म्हणून येईल, खुर्ची टाकून बसेल आणि खोकेल. एक खोकला म्हणजे ठीक. दोन म्हणजे उलटा. तीन म्हणजे काहीतरी जळतंय, धाव.

"हे फसवणं झालं," बंबकाका म्हणाले.

"बंब, तू नातीला सांभाळणार की नाही सांभाळणार?"

घरी जाताना बंबकाकांचं पाऊल जड होतं, आणि त्याला कारण होतं. फायर स्टेशनवर पाळी बदलताना एक रीत होती. जाणाऱ्यानं येणाऱ्याला चार्ज द्यायचा, आणि देताना आधी बिघाड सांगायचे. पाइप किती, शिड्या किती, हे नंतर. आधी कुठला पाइप गळतो, कुठला ब्रेक मऊ लागतो, कुणाचा गुडघा धरलाय. आपला स्वतःचाही सांगायचा. एकदा एकानं पाठीत उसण भरल्याचं लपवलं आणि शिडीच्या मधोमध त्याला ती आठवली. खाली बंबकाका होते. ते झेलायला होते म्हणून पुढे त्याचं लग्न वगैरे झालं. बंबकाकांनी चौतीस वर्षांत एकही बिघाड लपवला नव्हता. आणि आता साडेसात किलोची, बिनदाताची, सगळ्या जगावर विश्वास टाकून झोपणारी एक मुलगी ते बिघाड न सांगता ताब्यात घ्यायला निघाले होते.

रविवार उजाडला तोच तापलेला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं पाण्याचं जुनं लोखंडी पिंप उभं कापून त्याची शेगडी बनवली होती. अर्धं खाली बुटक्या पायांवर, अर्धं वर बिजागरीला लावून झाकण. वर त्यानं जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी टाकली होती. बंबकाकांनी ती बघितली आणि काढून भिंतीला टेकवली. तापलं की जस्ताचा धूर होतो आणि तो माणसाला आडवा करतो, असं त्यांनी सांगितलं, आणि ओव्हनमधली साधी पोलादी जाळी आणून बसवली. मुलगा म्हणाला की त्यानं मोबाइलवर उन्हाळ्यात उत्तम भाजण्याच्या बारा युक्त्या वाचल्यात, त्यात हे नव्हतं. बंबकाकांनी विचारलं, लिहिणाऱ्याला कधी आडवं झालेलं पाहिलंयस का.

मग त्यांनी खडूनं अंगणात रेष ओढली. शेगडीपासून पाच पावलांवर. रेषेच्या आत फक्त ते, वाळूची एक बादली आणि लांब चिमटा. रेषेच्या बाहेर चटई, चटईवर बाळ, बाळामागे सून, आणि वाऱ्याची दिशा बघून खुर्चीवर ड्रायव्हर. ड्रायव्हरनं नमस्कार केला आणि एकदा खोकून दाखवलं.

रॉकेल नाही, पेट्रोल तर नाहीच. कागदाचे बोळे, बारीक काड्या, वर कोळसा. चौतीस वर्षं आगी विझवलेल्या हाताला काडी ओढायला जरा वेळ लागला. मुलगा दहा मिनिटांनी कोंबडीच्या तंगड्या घेऊन आला, तर बंबकाकांनी त्याला परत पाठवलं. निखाऱ्यांवर राखाडी साय येईपर्यंत जाळीवर काही चढणार नाही. ती यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांनी तंगड्या फडक्यानं टिपून कोरड्या केल्या, कारण ओल्या वस्तूला रंग धरत नाही, आणि तेल जाळीला न लावता तंगड्यांनाच चोळलं. कच्च्याची थाळी वेगळी, शिजल्याची वेगळी, असं मुलाला बजावलं. सून हे सगळं बघत होती. बाळानं रबरी बदकाची मान चावायला घेतली होती.

तंगड्या चढल्या, मके चढले, आणि ड्रायव्हर दोनदा खोकला.

बंबकाकांनी सगळं उलटलं. तो पुन्हा दोनदा खोकला. बंबकाकांनी पुन्हा उलटलं. पण वारा फिरला होता आणि धूर सरळ खुर्चीकडे निघाला होता, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ड्रायव्हर आता दोनदा, तीनदा, पाचदा, हिशेबाबाहेर खोकू लागला. पहिल्या सहा मिनिटांत मके अकरा वेळा उलटले. तंगड्यांची कातडी जाळीला चिकटून निघाली, कारण भाजणारी वस्तू आपण होऊन जाळी सोडत नाही तोवर तिला हलवायचं नसतं. हे बंबकाकांच्याच वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं.

"काका, पाणी हवंय का?" सुनेनं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हरनं हातानं नाही म्हटलं, म्हणजे त्याला हो म्हणायचं होतं, आणि खुर्ची उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली. बंबकाकांनी त्याच्याकडे पाठ केली. नाक तर नव्हतंच, आता दुसऱ्याचंही नको. त्यांनी तळहात धरला, मोजलं: चार. तंगड्या मवाळ बाजूला घेतल्या, मके कडक बाजूच्या कडेला लावले आणि ऐकत उभे राहिले. कुणी बोललं तर चिमटा वर करीत. दाणे ओले वाजत होते. मग ठिपका ठिपका कोरडे वाजू लागले, तेव्हा त्यांनी एकेक मका पाव वेढा फिरवला. एका तंगडीची चरबी गळून जाळ उठला. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन रेषेपर्यंत धावला. बंबकाकांनी मागे न बघता, पाणी नको, म्हटलं, तंगडी बाजूला केली, झाकण लावलं, आणि वाऱ्याची भोकं अर्धी मिटली. जाळ बसला. जळत्या चरबीवर पाणी टाकणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर दवाखान्यात पोहोचवलं होतं.

काम जमलं होतं. वीस मिनिटांत सगळं जमलं होतं. मुलगा दुसरी थाळी आणायला आत गेला, आणि नेमकं तेव्हा बदकानं रेष ओलांडली.

बाळ नुकतंच फेकायला शिकलं होतं. बदक एकदा टप्पा खाऊन अंगणाच्या उतारावरून घरंगळत शेगडीच्या पलीकडे गेलं आणि पिंपाच्या तापलेल्या बुडाला टेकून बसलं. बंबकाका झाकणाकडे कान लावून उभे होते. त्यांना ते दिसलं नाही. रबर आवाज न करता वितळतं.

ड्रायव्हर तीनदा खोकला. खुर्चीवरून अर्धा उठून पुन्हा तीनदा. बंबकाकांनी ते धुरात जमा केलं.

"बाबा," सून म्हणाली, "वास येतोय?"

तिचा आवाज साधा होता. पट्ट्यावरची वडी उचलताना असेल तसा. ड्रायव्हर घाईनं म्हणाला की येतोय ना, मस्त येतोय, कोंबडीचा, बंबचा हातच तसा. आणि त्यानं डोळ्यानं बंबकाकांना वाट दाखवली. वाट मोकळी होती. 'मक्याचा' म्हटलं असतं तर पुरलं असतं.

बंबकाकांनी चटईकडे बघितलं. बाळ त्यांच्याकडे बघून हात उघडझाप करत होतं, म्हणजे मला उचल. त्यांनी चिमटा खाली ठेवला. हात पँटला पुसले. मग टाचा जुळवून सरळ उभे राहिले. सुनेनं त्यांना असं उभं राहिलेलं फक्त फोटोत पाहिलं होतं.

"बिघाड एक," ते म्हणाले. "नाक. दीड वर्षापासून बंद. डॉक्टर झाले, वाफ झाली, उपयोग नाही. कळवायला उशीर झाला."

ड्रायव्हरनं खुर्चीच्या हाताकडे लक्ष दिलं. सून उठली, रेष ओलांडून आत आली, चिमट्यानं बदक उचललं आणि वाळूच्या बादलीत पुरलं. चोच तेवढी वर राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

बाळाच्या जन्माआधीपासून, असं तिनं सांगितलं. एकदा तिनं दोन वड्या घरी आणल्या होत्या, एक चांगली आणि एक परत गेलेली, खवट तेलाची. बाबांनी दोन्ही हुंगून दोन्हींना छान म्हटलं. आणि डायपरचं म्हणाल तर एवढी माया कुणाचीच नसते, तिची स्वतःचीही नाही.

"मग ही शेगडी कशाला मांडलीस?" बंबकाकांनी विचारलं.

तिनं बाळाला उचलून कडेवर घेतलं. पहिलं म्हणजे, ती म्हणाली, नाक नसताना तुम्ही आगीपाशी काय करता ते बघायचं होतं. ते बघितलं, पाणी नको म्हणालात तेव्हाच माझं समाधान झालं.

"आणि दुसरं?"

"वास न येणाऱ्या माणसाजवळ मी हिला ठेवीन, बाबा. पण तो ते मला सांगत नसेल, तर नाही ठेवणार."

बंबकाकांनी झाकणाला कान लावला. मग म्हणाले की तंगड्यांना अजून दोन मिनिटं आहेत.

मुलगा थाळी घेऊन बाहेर आला आणि बदक कुठंय म्हणाला. त्याला सगळं सांगितलं गेलं. त्यानं थाळी खाली ठेवली. मग म्हणाला, म्हणजे मी लावतो ते अत्तर छान आहे असं तुम्ही म्हणालात, ते? सून म्हणाली की ते तिनंही म्हटलं होतं, आणि तिचं नाक शाबूत आहे.

तंगड्या उतरल्यावर बंबकाकांनी दहा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. आतला रस आत स्थिरावू द्यायचा असतो; लगेच कापली तर तो सगळा थाळीला मिळतो आणि थाळीला त्याची किंमत नसते. मग एक हाडापाशी कापून बघितली. पाणी स्वच्छ आलं. कातडी फाटलेली होती, त्याचं खापर ड्रायव्हरवर फुटलं आणि त्यानं ते खात खात मान्य केलं. सुनेनं मका घेतला, आधी नाकाशी धरला, सवयीनं. एका बाजूनं तो जरा जास्तच तांबूस होता. तिनं दाणे खाल्ले. सगळे थांबले होते.

"चालेल," ती म्हणाली.

चार वाजता तिनं फ्रिजवरचा फॉर्म काढला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. धुराची घंटी आजच लावणे, मुलानं. गॅसची मुख्य चावी बंद करूनच मी निघणार; दूध थर्मासमध्ये. डायपर दर दोन तासांनी घड्याळ बघून, कुणाला काही वाटो न वाटो. अकरा वाजता ड्रायव्हरकाकांनी येऊन एकदा सगळं घर हुंगून जाणे. ड्रायव्हरनं विचारलं, चहा मिळेल का. तिनं लिहिलं: चहा बाहेरून. बंबकाकांनी कागद वाचला, खाली सही केली आणि स्वतःच तो चुंबकाखाली लावला. 'आवडता आवाज' ही बाजू आता दाराकडे गेली होती. तिथे काय लिहिलेलं होतं ते त्यांनी आधीच वाचलेलं होतं. पॅसेजमधली पावलं, असं.

सोमवारी सव्वासातला सून दारात उभी होती. डबा पिशवीत, चप्पल पायात, बाळ अजून हातात. बंबकाका समोर, दाढी केलेले.

"बिघाड तीन," ती म्हणाली. "वरचा दात येतोय, त्यामुळे चावते. बदक नाही, त्यामुळे चिडेल."

"तिसरा?"

"आई. पाय निघत नाही."

"नोंद घेतली," बंबकाका म्हणाले आणि हात पुढे केले.

तिनं बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं आणि श्वास घेतला. घड्याळ पुढे सरकत होतं तरी घेत राहिली. बंबकाका बघत होते. बाळ जन्मलं त्याच्या नऊ महिने आधी त्यांचं नाक गेलं होतं. आतापर्यंत अशा वेळी ते फक्त 'वा' म्हणत आले होते.

"कसा येतो?" त्यांनी विचारलं.

सुनेनं डोळे उघडले. हा प्रश्न तिला रोज कामावर विचारत, आणि ती एका शब्दात उत्तर देई. आता तिनं पुन्हा एकदा नाक लावलं, नीट खात्री करून घ्यायला.

"दुधाचा आहे आधी," ती म्हणाली. "मग उन्हात वाळलेल्या चादरीचा. थोडा केळ्याचा, ते कालचं. आणि कानामागे धूर. आंघोळ घातली तरी गेला नाही."

"माझ्या शेगडीचा?"

"तुमच्या शेगडीचा."

बंबकाकांनी बाळाला खांद्यावर घेतलं, वाकून कानामागे नाक लावलं आणि थोडा वेळ तिथेच ठेवलं. मग चार्ज घेतला असं सांगितलं, आणि सोळा पावलं मोजायला वळले.